‘वळवणे’ एकच, इंग्रजी क्रियापदे पाच

प्रश्न (जळगाव)

पाणीवाटपावरील एका इंग्रजी अहवालाचे मराठी मी करीत आहे. त्यात डायव्हर्ट, रीडायरेक्ट, रीरूट, डिफ्लेक्ट आणि अव्हर्ट अशी पाच क्रियापदे आली असून माझ्या मसुद्यात पाचही ठिकाणी ‘वळवणे’ हेच उतरले आहे. वाचताना ते खटकते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे)

ताई, अव्हर्टचा निकाल आधी लावतो, कारण तो सोपा आहे. संकट वळत नाही, ते टळते. नजर मात्र आपण दुसरीकडे वळवतो. डायव्हर्टसाठी थोडे थांबावे लागेल.

पांझरेवरील फड पद्धतीचे बंधारे आपण पाहिले असतील. नदीच्या पात्रात आडवी भिंत घालून पाण्याची पातळी उंचावायची आणि ते पाणी पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर, पाटाने शेतांकडे न्यायचे, ही त्यामागची रचना. नदी आपल्या वाटेने निघालेली असते आणि माणूस तिचे काही पाणी त्या वाटेवरून बाजूला काढतो; डायव्हर्टचा गाभा नेमका हाच आहे आणि अशा बांधकामाला मराठीत ‘वळण बंधारा’ हे नावही आहे. पुढे तेच पाणी शेतात येते. एक वाफा भरला की बारे देणारा, म्हणजे पिकाला पाणी देणारा माणूस, फावड्याने माती ओढून त्याचे तोंड बांधतो आणि शेजारच्या वाफ्याचे तोंड फोडतो. या कामाला आम्ही ‘पाणी पुढच्या वाफ्याला लावले’ असे म्हणतो, वळवले असे म्हणत नाही, कारण ते पाणी त्या वाफ्यांसाठीच आलेले असते आणि त्याची ठरलेली वाट कोणी मोडलेली नसते. आपल्या अहवालात रीडायरेक्ट जर या अर्थाने आला असेल, तर तेथे ‘लावणे’ किंवा ‘सोडणे’ हीच क्रियापदे शोभतील.

नार आणि पार या पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गिरणेत आणण्याची चर्चा चालते, तेव्हा ‘वळवणे’ पूर्णपणे योग्य ठरते. गिरणा तापीला मिळते आणि तापीही अरबी समुद्रालाच जाते, म्हणजे शेवटचे ठिकाण बदलत नाही. पण खोरे बदलते, आणि पाण्याच्या हक्काचा सारा प्रश्न खोऱ्याशी बांधलेला असतो.

पैशाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. ‘निधी अन्यत्र वळवला’ या वाक्यात आरोप आहे, तर ‘कर्जाचा हप्ता खात्यातून वळता करून घेतला’ ही साधी हिशेबाची नोंद आहे. फरक छोटा दिसतो, पण त्याने लेखापरीक्षणाचा अर्थ फिरतो.

डिफ्लेक्टमध्ये आघात किंवा अडथळा असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचे डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले आणि डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ११ तास २३ मिनिटांवर आली. ‘लघुग्रह वळवला’ असे लिहिले की बैल कासऱ्याने वळवावा तसे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात धडकेने त्याची कक्षा किंचित ढळली, म्हणून ‘ढळवणे’ हे मला अधिक खरे वाटते. शास्त्रीय लेखनात ‘विचलन’ आहेच. गंमत अशी की त्या मोहिमेच्या इंग्रजी नावात डिफ्लेक्शन नसून रीडायरेक्शन आहे, यावरून इंग्रजीतही या शब्दांच्या हद्दी आखीव नाहीत हे दिसते. प्रश्न डिफ्लेक्ट करणाऱ्यासाठी मात्र मराठीजवळ अधिक धारदार शब्द आहेत. प्रश्न दुसऱ्याच्या अंगणात पाठवला तर तो ‘टोलवला’, आणि उत्तर देणारा स्वतः बाजूला सरकला तर त्याने प्रश्नाला ‘बगल दिली’.

जाता जाता एक नाते सांगतो. डायव्हर्टच्या पोटातील लॅटिन धातू आणि संस्कृत ‘वृत्’ हे एकाच कुळातले आहेत, म्हणून आपले परिवर्तन, परावर्तन आणि अपवर्तन हे शब्द त्या इंग्रजी शब्दाचे दूरचे भाऊबंदच होत.

शंका (भुसावळ)

दादा, रीरूटचे राहिले. ठिकाण तेच आणि रस्ता वेगळा, असा त्याचा अर्थ मी समजतो. परंतु कसारा घाट बंद पडला की मुंबईच्या गाड्या जळगाव, उधना, वसई अशा नेल्या जातात आणि रेल्वे त्यांना रीरूट न म्हणता डायव्हर्ट म्हणते. मग रेल्वेचे चुकते काय?

उत्तर (धुळे)

चुकत नाही, भाऊ. मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाचे ठिकाण कायम राहते, म्हणून त्याच्या दृष्टीने ते रीरूटच आहे. पण चाळीसगाव आणि मनमाडच्या फलाटावर तिकीट घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे ती गाडी येतच नाही, तिची ठरलेली वाट त्याच्यापुरती मोडलेली असते. रेल्वेला दोघांनाही कळवायचे असते. ‘गाडी वळवली’ एवढेच लिहिले तर दोघेही गोंधळतात. ‘जळगाव, उधना, वसईमार्गे जाईल, चाळीसगाव, मनमाड, नाशिक येथे येणार नाही’ असे दोन तुकड्यांत लिहावे, आणि आपल्या अहवालात, ताई, रीरूट जेथे येईल तेथे ‘मार्गे’ हे शब्दयोगी अव्यय वापरून पाहावे, बहुतेक ठिकाणी वेगळ्या क्रियापदाची गरजच पडणार नाही.