निसर्गवाद म्हणजे झाडंपानं नव्हे, मग काय?

प्रश्न :
भाचीला एम. ए.ला अमेरिकन वाङ्मय आहे. मराठी टिपणांत 'वास्तववाद आणि निसर्गवाद' असं एक प्रकरण आहे. पोरीने निसर्गवादाच्या उत्तरात नद्या-डोंगरांची वर्णनं लिहून ठेवली. तिला तरी काय बोलणार? निसर्ग म्हटलं की आपल्याला बालकवीच आठवतात. या अर्थाला दुसरा बरा मराठी शब्द नाही का?

प्रतिसाद १ :
शब्द फ्रेंचांकडून आलाय. तिकडे 'नॅचुरालिस्त' म्हणजे मुळात किडेमुंग्या, वनस्पती यांचा अभ्यासक. शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार प्रयोगशाळेत जे करतो ते कादंबरीकाराने माणसाबाबत करावं, असं फ्रेंच कादंबरीकार झोलाने १८८० साली मांडलं. रक्तातून काय आलं आणि भोवती काय आहे, ते तपासायचं. हा निसर्ग डोंगरावरचा नाही, अंगातला आहे.

प्रतिसाद २ :
व्याख्या राहू द्या, भाचीला दोन प्रसंग शेजारी ठेवून दाखवा.

आधी वास्तववादी कादंबरी, हॉवेल्सची 'द राइज ऑफ सायलस लॅपहम' (१८८५). लॅपहम रंगाचा कारखानदार, बॉस्टनमधला नवश्रीमंत. धंदा बुडायला आलाय. त्याच्याकडच्या गिरण्या रेल्वे कंपनीच्या कचाट्यात सापडून कवडीमोल होणार, हे त्याला ठाऊक आहे. गिऱ्हाईक मात्र तयार आहे. विकल्या तर तरेल. रात्रभर येरझाऱ्या घालतो आणि विकत नाही. होत्याचं नव्हतं होतं.

आता निसर्गवादी, ड्रायझरची 'सिस्टर कॅरी' (१९००). हर्स्टवुड शिकागोतल्या उंची मद्यालयाचा मॅनेजर. रात्री तिजोरी उघडी राहिलेली सापडते, आत दहा हजार डॉलरच्या वर रोकड. स्वारी थोडी प्यायलेली. पैसे काढतो, परत ठेवतो, चुकीच्या खणांत गेले म्हणून पुन्हा काढतो. नेमके पैसे हातात असताना कुलूप खट्कन लागतं. आता ही चोरी त्याने केली की त्याच्या हातून झाली? ड्रायझर उत्तर देत नाही. मला हा प्रसंग त्या अख्ख्या प्रकरणापेक्षा जास्त शिकवून गेला.

लॅपहमला निवड आहे. हर्स्टवुडची निवड कुलूप करून टाकतं. मधली वर्षं पंधराच, पण शहरं किती फुगत होती ते शिकागोत बघा : १८७० साली तीन लाख वस्ती, १८९०ला अकरा लाख. कॅरी त्याच लोंढ्यातली, वय अठरा. जोड्यांच्या कारखान्यात आठवड्याला साडेचार डॉलर मिळणार, त्यातले चार बहिणीच्या घरी राहण्याखाण्याचे. उरलेल्या पन्नास सेंटांत बाईने सद्सद्विवेक कसा पोसायचा?

प्रतिसाद ३ :
मग 'प्रकृतिवाद' म्हणा की. हिंदीवाले 'प्रकृतवाद' म्हणतातच.

प्रतिसाद ४ :
प्रकृतिवाद म्हटलं की वात-पित्त-कफ आणि काढ्याची बाटली!

प्रतिसाद ३ :
अहो, तीच तर सोय आहे. मराठीत 'प्रकृती कशी आहे?' असं आपण शरीराबद्दल विचारतो, हवापाण्याबद्दल नाही. 'त्याची प्रकृतीच तशी' म्हणतो तेव्हा जन्माबरोबर आलेलं सांगतो. नॉरिसच्या कादंबरीतला मॅकटीग (१८९९) बघा : सॅन फ्रान्सिस्कोतला दंतवैद्य, आडदांड पण गरीब गाय. आत मात्र बापाची दारू आणि बापाचं जनावर वाट बघत बसलंय. याला 'निसर्ग' म्हणायला जीभ वळत नाही, 'प्रकृती' चपखल बसतं. फक्त परिस्थितीचा भाग शब्दात येत नाही, ते कबूल.

प्रतिसाद १ :
'स्वभाववाद'ही सुचला होता, कारण स्वभावाला औषध नाही. पण आपल्या दर्शनांत तो शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलाय.

प्रश्नकर्ता :
सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, पेपरात 'निसर्गवाद'च छापून येणार, तेव्हा शब्द तोच ठेवते आणि पहिल्याच ओळीत 'इथे निसर्ग म्हणजे माणसाची प्रकृती' असं लिहिते. लॅपहम वाचनालयात मिळाला. कॅरी कुणीतरी नेलीय, नंबर लावलाय.