व्हीआर: धनुष्यबाण, बंदूक, टेबल टेनिस. कंट्रोलर कोणता घ्यावा?

लातूरकर
पत्र्याच्या खोलीत, १० बाय १२ फूट जागेत व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून, हातात कंट्रोलर धरून खेळायचे खेळ) मांडायचंय. पीसी आहे. खेळ तीनच: धनुष्यबाण, बंदुकीचे आणि टेबल टेनिस. हेडसेट क्वेस्ट ३ घ्यावा की व्हॉल्व्ह इंडेक्स? क्वेस्टवर धनुष्याची दोरी कानापर्यंत ओढली की खेळातला हात भलतीकडे उडतो म्हणतात, खरं का?

परभणीकर
खरं आहे भाऊ. क्वेस्टच्या कंट्रोलरमधले इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारे) एलईडी दिवे हेडसेटचे कॅमेरे बघतात. हात कानामागे गेला की एलईडी दिसत नाहीत, मग कंट्रोलरमधल्या हालचाल मोजणाऱ्या मोशन सेन्सरवरून नुसता अंदाज चालतो. तो क्षणभर टिकतो. नेम धरून थांबलात की हात सरकायला लागतो. दोरी हनुवटीपाशी, जरा पुढेच ठेवा आणि बाण लवकर सोडा.

इंडेक्सला ही अडचण नाही. तिथं भिंतीवर लावायची बेस स्टेशन नावाची खोकी लेझर फिरवतात आणि कंट्रोलरवरचे सेन्सर ते पकडतात. दोन स्टेशन तिरप्या कोपऱ्यांत, साडेसहा फुटांच्या वर, ३० ते ४५ अंश खाली झुकवून लावा. फक्त पत्र्याला ठोकू नका! कूलर सुरू झाला की पत्रा थरथरतो आणि खेळातला हातही थरथरतो. विटांची भिंत किंवा जमिनीवर घट्ट उभा केलेला पाइप बरा. खोलीत आरशाचं कपाट असेल तर त्यावर चादर टाका, लेझर परावर्तित होतात.

जालनाकर
बंदुकीचं वेगळं. इंडेक्सचा कंट्रोलर पट्ट्यानं हाताला बांधलेला असतो, मूठ पूर्ण उघडता येते. बॉम्ब फेकताना बोटं उघडली की तो सुटतो. क्वेस्टसारख्या बटणाच्या कंट्रोलरवर बटण उशिरा सुटतं आणि बॉम्ब पायाशीच पडतो. नव्या माणसाची पहिली तक्रार हीच असते. क्वेस्ट २ च्या कंट्रोलरवरच्या गोल कड्या बंदुकीचं मॅगझिन बदलताना एकमेकांवर आदळायच्या. क्वेस्ट ३ ला कडीच नाही.

टेबल टेनिसला मात्र डोळे झाकून क्वेस्ट ३. बॅटीची मूठ असलेला अडॅप्टर लावा, मग खेळाच्या सेटिंगमध्ये बॅटीचा कोन जुळवा. थोडाही कोन चुकला की प्रत्येक चेंडू जाळ्यात नाहीतर टेबलाबाहेर. सरळ फटके मारत एकेक अंशानं बदलत जा.

लातूरकर
लाइट गेली तर?

हिंगोलीकर
इंडेक्सला पीसी आणि दोन्ही स्टेशन यूपीएसवर हवीत. क्वेस्ट स्वतःच्या बॅटरीवर साधारण दोन तास चालतो. कंट्रोलरला एकेक एए सेल. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे पूर्ण भरूनही टक्केवारी कमी दिसू शकते, घाबरू नका.

क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी (कॅमेरे दिव्यांच्या लुकलुकीशी जुळवायची सेटिंग) ५० हर्ट्झवर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची. खिडकीला जाड पडदा लावा, उन्हातल्या इन्फ्रारेडनं कॅमेरे गोंधळतात. मिट्ट अंधारही नको, एक बल्ब चालू असू द्या. आणि खेळ संपला की हेडसेट उन्हात भिंगं वर करून ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं तर स्क्रीन कायमचा जळतो.