आधी मादी, मग शिंगं: विस्कॉन्सिनचा जुना नियम परत आणावा का?

मॅडिसनकर

नोव्हेंबर लागला की इथे गॅस स्टेशनपासून ऑफिसच्या कॉफी मशीनपर्यंत एकच विषय असतो: व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. कोणाच्या ट्रेल कॅमेऱ्यात शिंगांना दहा टोकं असलेला नर आला, कोणाच्या शेतात झाडांची सालं सोलली गेली, वगैरे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे दगड कुठे मारायचे ते कळेल. विस्कॉन्सिनने २०११ साली 'अर्न-अ-बक' नियम मोडीत काढला ते चुकलं. निदान राज्याच्या दक्षिण भागात तो परत यायला हवा.

नियम साधा होता. शिंगवाला नर मारायचाय? मग आधी बिनशिंगाचं एक हरीण, म्हणजे बहुधा मादी, मारून नोंदवा. १९९६ पासून, जिथे हरणं फार झाली होती अशा काही विभागांत तो लागू झाला. शिकाऱ्यांनी त्याच्या नावाने इतका शिमगा केला की शेवटी विधिमंडळाने कायदा करूनच तो काढला.

एवढा राग का? तर नर या दिवसांत कसा वागतो ते बघा. उन्हाळाभर नरांचं टोळकं गुण्यागोविंदाने चरत असतं. शिंगांवरची मखमली कातडी सप्टेंबरच्या सुरुवातीला गळते. दिवस लहान होऊ लागले की टोळकं फुटतं, माना जाड होतात, कोवळ्या झाडांवर शिंगं घासणं सुरू होतं. ऑक्टोबरात नर एखाद्या लोंबत्या फांदीखालची माती पायाने खरवडतो, मागच्या पायांवरच्या ग्रंथींवरून ओघळेल अशी लघवी तिथे सोडतो, वरची फांदी चावतो, चाटतो, तिच्यावर कपाळ घासतो. याला इथे स्क्रेप म्हणतात. आणि मग नोव्हेंबरचे पहिले दोन-तीन आठवडे. एरवी अंधार पडल्याशिवाय झाडीबाहेर नाक न काढणारा गडी भर दुपारी कापलेल्या मक्यातून, हायवे ओलांडून मादीच्या वासामागे सुटलेला असतो. खाण्याकडे लक्ष नाही. माज ओसरेपर्यंत वजनाचा पाचवा हिस्सा सहज झडतो. गाड्यांवर हरणं आदळण्याचं प्रमाण सर्वात जास्त असतं तेही याच महिन्यात.

शिकारी नेमकी याच दिवसांची वर्षभर वाट बघतो. नर भान हरपून फिरतोय तेव्हा त्याला टिपायचं, शिंगं दिवाणखान्यात लावायची आणि वर म्हणायचं, "आम्ही संख्या आटोक्यात ठेवतो." माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. नर मारून संख्या घटत नाही. एक गेला की त्याच्या माद्यांना दुसरा मिळतो. पाडसं माद्यांना होतात, आणि खायला मुबलक असेल तर बहुधा जुळी होतात. १९०० च्या सुमाराला साऱ्या अमेरिकेत मिळून ही हरणं पाच लाखांच्या आत उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. ओकची रोपं गुडघ्याएवढी होण्याआधीच खुडली जातात. वसंतातली ट्रिलियमची पांढरी फुलं कुंपण घातलेल्या तुकड्यातच धड दिसतात. शिकारीला माझा विरोध नाही, मी स्वतः जातो. पण संवर्धनाचा झेंडा मिरवायचा असेल तर मादी मारा. ते आपखुशीने कोणी पुरेसं करत नाही, म्हणून नियम हवा.

पानगळ

राग नाही आला, हसू आलं. माजावरचा नर भान हरपलेला असतो आणि म्हणून सोपा असतो, ही समजूत दीड वर्षाच्या पोरसवदा नरांवरून झालेली दिसते. ते धावतात, गाडीखाली येतात, बंदुकीसमोरही येतात. चार-पाच वर्षांचा नर वेगळा प्राणी आहे. माद्या जिथे बसतात त्या झाडीत तो घुसत नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाने कडेकडेने जातो आणि आत कोण माजावर आहे ते एका फेरीत हुंगून घेतो. तुम्ही मचाण चुकीच्या बाजूला बांधलंत तर तुमचाही वास त्यालाच मिळतो, आणि तो आला होता हे तुम्हाला कधी कळतही नाही.

स्क्रेपचं म्हणाल तर नवशिके तिथेच तंबू ठोकतात. पण कॅमेरे लावून बघा, भेटी बहुतेक रात्रीच्या असतात. आणि ऐन कळसाच्या दिवसांत तर रान अचानक ओस पडतं. कारण मादी जेमतेम एक दिवस माजावर असते, आणि नर तिला एखाद्या झुडपात, ओढ्याच्या बेचक्यात गाठून दिवस-दोन दिवस तिथून हलत नाही. आम्ही याला लॉकडाउन म्हणत होतो, कोविडच्या कितीतरी आधी. शिंगावर शिंग आपटून खोटी झुंज ऐकवा, घशातून काढल्यासारखी डुरकी फुंका, तो ढुंकून बघत नाही. त्या मादीचं उरकलं की पुन्हा भटकंती. गाभण न राहिलेली मादी साधारण २८ दिवसांनी परत माजावर येते, म्हणून डिसेंबरात एक धाकटी लाट असते. चंद्र, थंडीची लाट वगैरे जे कोष्टक लोक फोनवर बघत बसतात त्याने माजाची तारीख सरकत नाही. ती दिवसाच्या लांबीवर ठरते. थंडी पडली की दिवसाउजेडी हालचाल दिसते, एवढंच.

आता तुमच्याच राज्याचं घ्या. विस्कॉन्सिनचा बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी उघडतो. तोवर बहुतेक माद्या गाभण राहिलेल्या असतात. म्हणजे माजाचा गैरफायदा हा आरोप बंदूकवाल्यांना नीट लागूच होत नाही. तो आम्हा मिशिगनवाल्यांवर करा, आमच्याकडे १५ नोव्हेंबरला बंदुका निघतात आणि कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. किंवा धनुष्यवाल्यांवर करा, म्हणजे पुन्हा माझ्यावरच.

आणि शिंगांचा नाद आहे म्हणून तर लोक पहाटे चारला उठून उणे तापमानात झाडावर चढतात. परवान्यांचे पैसे त्यातून येतात. बंदुका, काडतुसं, धनुष्यं यांवरचा ११ टक्के केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, आणि ही व्यवस्था १९३७ च्या कायद्यापासून आहे. शिकारी आधीच कमी होत चाललेत. आयुष्यात एकदा दिसणारा नर समोर उभा असताना "मादी नोंदवली नाही, जाऊ द्या त्याला" असं सांगाल, तर पुढच्या वर्षी तो माणूस घरी फुटबॉल बघेल. मग ना मादी मरेल ना नर.

रानवेडी

सगळी चर्चा 'आधी कोणाला मारू' एवढ्यावरच चालली आहे हे वाचून गंमत वाटली. मुळात मारायलाच हवं का, हा प्रश्न कोणीच विचारत नाहीये.

मी नागपूरची. ताडोबात, पेंचला उन्हाळ्यात जा. चितळांचा माज तेव्हा भरात असतो, नरांच्या आरोळ्यांनी दुपार दणाणते. सांबराचा हिवाळ्यात. तिथे कोणी परवाना काढून झाडावर बसत नाही. वाघ, बिबटे, रानकुत्री आहेत, त्यांचं ते बघतात. तुमच्याकडे लांडगे होते, ते तुम्हीच संपवलेत. आता त्यांची जागा भरायला आम्हीच कसे लायक, हे सांगताय. लांडगे परत येऊ द्या ना.

मॅडिसनकर

@रानवेडी, लांडगे आलेत. मिनेसोटातून १९७० च्या दशकात आपापले चालत आले आणि आज राज्याच्या उत्तरेतल्या जंगलात चांगले स्थिरावलेत. पण मी बोलतोय दक्षिणेबद्दल. तिथे मका, सोयाबीन, दुधाचे गोठे आणि मधे मधे झाडीचे तुकडे आहेत. तिथे लांडग्यांचा कळप किती दिवस टिकू देतील? फेब्रुवारी २०२१ मध्ये लांडग्यांची शिकार उघडली तेव्हा ११९ ची मर्यादा होती. तीन दिवसही लागले नाहीत, २१८ मारून मोकळे झाले. हे उत्तरेत, जिथे त्यांना जागा आहे तिथे.

@पानगळ, नऊ दिवसांच्या हंगामाचं गणित मान्य. पण २०१४ पासून आमच्याकडे क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य) सगळ्यांना खुला झाला, आणि तो हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून चालतो. ज्याला साधं धनुष्य ओढायचा सराव नाही तोही आता ऐन कळसाच्या दिवसांत बसतो. तेव्हा गैरफायद्याचा मुद्दा इतक्या सहज निकालात निघत नाही.

बांधावरचा

रानवेडीताई, तुमचं सगळं बरोबर, पण एक रात्र आमच्या वावरात काढा. तुरीला शेंग धरली की रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप येतो, हरभऱ्यात रानडुकरं. माणसं थंडीत मचाणावर जागतात ती शिकारीला नाही, डबे बडवायला. तिथे वाघ नाही, आणि आला तर वेगळंच संकट. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच होतं, तेव्हा जनावरं संपत चालली होती. पण पीक खाणाऱ्या जनावराचं काय करायचं याचं उत्तर आजही अर्ज, पंचनामा आणि भरपाईची वाट, एवढंच आहे. बिहारात २०१५ च्या शेवटी नीलगायीला वर्षभरासाठी उपद्रवी ठरवून मारायची परवानगी दिली, तर पुढच्या वर्षी दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांतच जुंपली.

तिकडे माणूस पैसे भरून, रांग लावून हे काम करतो आणि खात्याची तिजोरीही भरतो. मादी आधी की नर, यावर भांडायची चैन आम्हाला परवडली असती तर बरं झालं असतं.

प्रायॉन

मी पशुवैद्यक, त्यामुळे माझा आक्षेप वेगळा. मॅडिसनकर, तुम्ही ज्या दक्षिण भागासाठी नियम मागताय तिथलाच मोठा प्रश्न तुमच्या धाग्यात नाही: सीडब्ल्यूडी, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ साली कोलोरॅडोतल्या संशोधन केंद्रात पाळलेल्या हरणांत हा रोग प्रथम दिसला, २००२ साली विस्कॉन्सिनमध्ये सापडला. आज आयोवा, सॉक, डेन, रिचलंड या काउंट्यांत (राज्यातल्या जिल्ह्यांत) तो मुरलाय. जिवाणू नाही, विषाणू नाही. चुकीची घडी पडलेलं प्रथिन, प्रायॉन. शिजवून मरत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि हरीण खंगायला लागण्याआधी वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसत फिरतं.

मुद्दा असा की प्रौढ नरांत लागणीचं प्रमाण प्रौढ माद्यांच्या साधारण दुप्पट असतं. वर पानगळ यांनी वर्णन केलेल्या वागण्याकडे या नजरेने बघा. दहा ठिकाणी हुंगणं, एकच फांदी अनेक नरांनी चाटणं, झुंजी, भटकंती. स्क्रेपच्या मातीत आणि त्या फांद्यांवर प्रायॉन सापडलेले आहेत. शिवाय दीड वर्षाचे नर शरद ऋतूत जन्माचा टापू सोडून कित्येक किलोमीटर दूर जातात आणि रोग सोबत नेतात. तेव्हा या काउंट्यांत म्हातारे नर जितके लवकर निघतील तितकं बरं. मादीची अट घालून तुम्ही नेमके तेच नर आठवडा-दोन आठवडे जिवंत ठेवणार.

खाणाऱ्यांसाठी: माणसाला लागण झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला आहे. मानेतल्या लसिका ग्रंथींची तपासणी विस्कॉन्सिनमध्ये फुकट होते, डोकं पेटीत टाकून यायचं. निकाल येईपर्यंत फ्रीझरमध्ये राहू दे.

केळफूल

न्यू जर्सीतून. आमच्या गल्लीत बंदूक काय, धनुष्यही चालणार नाही, घरं एकमेकांना चिकटून. हॉस्टा, ट्यूलिप, टोमॅटो सगळं फस्त. आणि गोचिडी! लाइम रोगाचे जंतू उंदरांतून येतात हे खरं, पण गोचिडीची मोठी मादी रक्त पिऊन अंडी घालण्याइतकी फुगते ती बहुधा हरणावर. समोर स्टॅटन आयलंड बेटावर २०१६ साली नरांची नसबंदी सुरू केली, बंदूक न चालवता. तो मार्ग का नको?

पानगळ

@केळफूल, बेट आहे म्हणून जमतं, तरी हरणं तुमच्याच बाजूने पोहत जातात. प्रत्येक नराला बेशुद्ध करून टेबलावर घ्यायचं, काही दशलक्ष डॉलर. एक चुकला की महिनाभर त्याचंच राज्य. विस्कॉन्सिनएवढ्या राज्यात हे करायला किती डॉक्टर लागतील?

@प्रायॉन, धन्यवाद, माझी बाजू तुम्ही जास्त चांगली मांडलीत.

मॅडिसनकर

@प्रायॉन, मुद्दा वजनदार आहे, पण निष्कर्ष पटत नाही. अट घातल्याने नर सुटत नाही, तो दोन शनिवार उशिरा मरतो, आणि त्याच्याआधी एक मादीही मेलेली असते. दाटी कमी झाली तर रोगालाही जागा कमी. आणि खरं सांगायचं तर म्हातारा नर मुद्दाम राखणारे कोण आहेत? शिंगं अजून दोन वर्षं वाढू देत म्हणून लहान नराला सोडणारे आणि मादीकडे न बघणारे शेतमालकच.

नवखा_मिलवॉकी

बाकी वाद चालू द्या. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला शिकार करता येते का?

पानगळ

@नवखा, येते. त्या व्हिसावर एरवी बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर विस्कॉन्सिनमध्ये आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. कागद सोबत ठेवा, नारिंगी जाकीट घाला. हरणाची चरबी मात्र सगळी काढून टाका, मेणासारखी टाळूला चिकटते. मग काळ्या मसाल्यात मंद आचेवर, घाई न करता.

@मॅडिसनकर, सक्तीऐवजी आमिष दाखवा. एक मादी नोंदवा आणि दुसऱ्या नराचा टॅग (मारायचा परवाना) घ्या. पहिल्या नराला अट नको.

मॅडिसनकर

दुसरा टॅग घेणार कोण? जो एरवीही तीन हरणं मारतो तोच. बाकीच्यांचा फ्रीझर एका हरणात भरतो आणि बंदूक कपाटात जाते. ते एक हरीण नर असेल तर माझ्या दृष्टीने हंगाम वाया गेला.

पानगळ

मग अडचण शिंगांची नाही, फ्रीझरची आहे. जास्तीचं मांस अन्नपेढ्यांना द्यायची सोय बऱ्याच राज्यांत आहे, पण खाटिकाचे पैसे कोणी द्यायचे यावर गाडी अडते. राज्याने ते पूर्ण भरावेत, लोक आपोआप दुसरी मादी मारतील.

प्रायॉन

तपासणीचा निकाल आल्याशिवाय दान नको, एवढी अट त्यात घाला. आणि तांब्याची गोळी वापरा. २००८ साली नॉर्थ डकोटात दान केलेल्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि अन्नपेढ्यांना ते मांस फेकून द्यायला सांगावं लागलं होतं.