वॉशर बदलूनही नळ गळतोय?

वरती एकांनी लिहिलंय की नवा वॉशर टाकला तरी नळ टपकतोच, आणि प्लंबर अख्खा नळच बदला म्हणतोय. थांबा, इतक्यात नळ फेकू नका. पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी बघा. मुठीखालून झिरपत असेल तर वॉशरचा काही संबंध नाही. तिथला ग्लँड नट, म्हणजे मुठीच्या दांड्याभोवतीचा नट, पान्याने किंचित आवळा. तेवढ्याने भागलं नाही तर दांड्याभोवती नवा दोरा गुंडाळा.

तोंडातून थेंब पडत असेल तर मेन कॉक बंद करून स्पिंडल (मुठीला जोडलेला आतला फिरता भाग) काढा आणि आत वॉशर जिथे टेकतो त्या पितळी कडेवरून बोट फिरवा. बोटाला खाच किंवा खडबडीतपणा लागला, तर कितीही वॉशर बदला, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. ती कड घासून सपाट करण्याचं हत्यार मिळतं, ते आधी वापरून बघा.

हे सगळं जुन्या, चार-पाच फेरे फिरणाऱ्या नळाबद्दल. अर्ध्या नाहीतर पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात वॉशर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्यांच्यात अडकतो. आधी व्हिनेगरमध्ये भिजवून बघा, नाहीतर स्पिंडलच बदला. दुकानात जाताना जुना सोबत न्याच, लांबी आणि दाते कंपनीगणिक वेगळे असतात.

आणि कृपा करून नळ जोर लावून पिळू नका, वॉशर त्यानेच चिरतो.