एचओमधली कॅलिफोर्निया झेफिर: क्रॉसओव्हरवर डबे उतरतात, चढावर इंजिन अडतं, दिवे लुकलुकतात

रुपेरी_गाडी (प्रश्न)

एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या मॉडेल रेल्वेत, १९४९ च्या कॅलिफोर्निया झेफिर या अमेरिकन प्रवासी गाडीची ११ डब्यांची रचना केली आहे: पुढे बॅगेज, मग ३ व्हिस्टा-डोम (छपरावर काचेचा घुमट असलेल्या) चेअर कार, डोम बुफे-डॉर्मिटरी, डायनर, ४ स्लीपर आणि शेवटी डोम-ऑब्झर्व्हेशन. सगळे डबे पूर्ण लांबीचे, मूळ ८५ फूट, म्हणजे आपल्याकडे साधारण २९७ मिमी. मांडणीवर सगळ्यात तीव्र वळण ७६ सेंमी त्रिज्येचं, क्रॉसओव्हरला (एका रुळावरून शेजारच्या रुळावर नेणाऱ्या जोडणीला) चार नंबरचे सांधे (नंबर जितका मोठा, तितकं वळण सौम्य) आणि एका बाजूला २ टक्के चढ. चालवणं डीसीसीवर (रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीवर).

क्रॉसओव्हरवर चौथा-पाचवा डबा उतरतो, आणि गाडी मागे ढकलली की हमखास. ५०० ग्रॅमचं एक इंजिन चढावर नुसती चाकं फिरवतं. दिवे लुकलुकतात म्हणून प्रत्येक डब्यात ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, तर आता चालू करताक्षणी बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा घटक) शॉर्ट समजून बंद होतो. कुठून सुरुवात करावी?

सांधेवाला

रुळांपासून. डब्यांना हात लावण्याआधी क्रॉसओव्हर बदला, कारण तिथली भूमितीच या डब्यांना झेपणारी नाही.

या डब्याच्या दोन बोग्यांच्या मध्यांतलं अंतर ५९ फूट ६ इंच, एचओत २०८ मिमी. ७६ सेंमीच्या वळणावर डब्याचं पोट सुमारे ७ मिमी आत येतं आणि टोक साडेसात मिमी बाहेर जातं. एकाच दिशेच्या वळणावर शेजारच्या डब्याचं टोकही त्याच बाजूला गेलेलं असतं, त्यामुळे कपलर (डबे जोडणारे आकडे) समोरासमोर राहतात. उलटसुलट वळणांमध्ये सरळ रूळ नसेल तर एक टोक डावीकडे साडेसात, दुसरं उजवीकडे साडेसात. म्हणजे कपलरला १५ मिमीची फट तिरपी ओलांडावी लागते. ओढताना तो बोगीला आतल्या रुळाकडे खेचतो, ढकलताना सरळ बाहेर फेकतो. तुमचा डबा ढकलताना हमखास उतरतो तो यामुळेच.

क्रॉसओव्हर म्हणजे तयार उलटसुलट वळणच. त्यात चार नंबरच्या सांध्यातलं वळण प्रमाण मापानुसार जेमतेम ३८ सेंमी त्रिज्येचं असतं. सहा नंबरला ते १०९ सेंमीच्या आसपास जातं. बाजारातल्या सांध्यांत थोडा फरक असतो, पण चार नंबर या गाडीला नाहीच. कमीत कमी सहा, जागा असेल तर आठ. मुख्य मार्गावर जिथे जिथे वळणाची दिशा बदलते तिथे मध्ये एका डब्याएवढा, म्हणजे ३० सेंमी, सरळ तुकडा हवाच.

७६ सेंमी ही डब्याच्या लांबीच्या अडीच पट झाली. चालण्यापुरती पुरते, पण बाहेरून पाहताना डबे मोडल्यासारखे दिसतात. तिप्पट म्हणजे ९० सेंमी केलीत तर टोकाचं बाहेर जाणं सव्वासहा मिमीवर येईल आणि डायफ्रामही (डब्यांच्या टोकांची घडीदार जोडणीही) एकमेकांत अडकणार नाहीत.

बोगी_आणि_बफर

सांधेवाला यांच्याशी सहमत. पण रूळ बदलूनही एखादा डबा उतरतच राहील, आणि त्याचं कारण डब्याच्या पोटात सापडेल. हा क्रम सोडू नका:

१. गेज घेऊन प्रत्येक आसाच्या चाकांमधलं अंतर तपासा. ११ डबे म्हणजे ४४ आस. चारसहा तरी चुकीचे निघतात. चाकं ३६ इंची हवीत, एचओत साडेदहा मिमी व्यासाची. मालडब्याची ३३ इंची बसवली तर डबा खाली बसतो आणि कपलरची उंची बिघडते.

२. एका बोगीचा स्क्रू इतकाच आवळा की ती मोकळी फिरेल पण डबा डावीकडे-उजवीकडे डुलणार नाही. दुसऱ्या बोगीचा स्क्रू त्याहून अर्धा फेरा सैल. यामुळे डबा तीन बिंदूंवर टेकतो आणि रुळाच्या उंचसखलपणाला जुळवून घेतो. दोन्ही घट्ट असले की एक चाक हवेत राहतं, आणि सांध्याच्या टोकाशी तेच पहिल्यांदा चढतं.

३. कपलरची उंची मापकावर लावून बघा. खालची वळलेली पिन सांध्याच्या मधल्या भागात घासत असेल तर वर वाकवा.

४. वजन. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस आहे १ औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. ११.७ इंची डब्याला सुमारे १९५ ग्रॅम होतात. वजन फरशीखाली, बोग्यांच्या मधल्या भागात. डोम डब्यात छपराकडे काहीही ठेवू नका, तो आधीच वरून जड असतो. सगळ्यात हलका डबा गाडीच्या पुढच्या भागात असेल तर तोच आत खेचला जातो. चौथा-पाचवाच का, याचं उत्तर वजनकाट्यावर मिळेल.

बोगीवरच बसवलेले कपलर तीव्र वळणावर सोयीचे, पण ढकलताना सगळा जोर बोगीला तिरपी करण्यात जातो. डब्याला बसवलेले कपलर ढकलताना उत्तम, फक्त लांब दांड्याचे घ्या आणि पेटीत दोन्हीकडे पुरेसे हलतात ना ते बघा. वळणावर आपोआप लांबणारी यंत्रणा असलेले डबे असतील तर तिला हात लावू नका. फक्त तिची स्प्रिंग डब्याला मध्यावर परत आणते का ते तपासा.

आता चढ. ११ डबे म्हणजे सव्वादोन किलोच्या जरा आत. २ टक्के चढावर नुसत्या वजनाची ओढ ४३ ग्रॅम. ५०० ग्रॅमचं इंजिन साधारण १०० ते १२५ ग्रॅम ओढतं. म्हणजे इंजिनाला पुरायला हवं होतं. पुरत नाही, याचा अर्थ डबे जड फिरताहेत. फळीला २ टक्के उतार देऊन एकेक डबा सोडा. आपोआप घरंगळला तर ठीक. ४ टक्के द्यावे लागत असतील तर ११ डब्यांचं घर्षणच ८५ ग्रॅम होतं, चढाचे ४३ मिळवले की इंजिन हरलं. बहुतेक वेळा दोष दिव्यांसाठी चाकांवरून वीज उचलणाऱ्या पट्ट्यांचा असतो.

लुकलुक_बंद

हो, पट्ट्याच. चाकाच्या कडेवर दाबणारी पट्टी काढून टाका. कडेवरचं घर्षण साडेदहा मिमी व्यासावर लागतं, आसावरचं दोन-तीन मिमीवर, म्हणून तेवढ्याच दाबाला ब्रेक कितीतरी कमी लागतो. ०.२ ते ०.३ मिमी फॉस्फर-ब्राँझची तार आसावर अलगद टेकवा. एका बोगीतून डावा रूळ, दुसरीतून उजवा. एकाच बोगीतले दोन्ही आस इन्सुलेटेड चाक एकाच बाजूला ठेवून बसवा. एक आस उलटा बसला की तारेतून थेट शॉर्ट. पहिल्यांदा करताना ही चूक फार होते, मीटरने तपासल्याशिवाय डबा रुळावर ठेवू नका.

बूस्टर बंद होतो कारण रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो, आणि तुमच्याकडे असे ११ एकदम भरताहेत. ब्रिज रेक्टिफायरनंतर कपॅसिटरच्या धन टोकाशी २२० ओहमचा रोध लावा आणि त्या रोधाला समांतर एक डायोड, त्यावरचा पट्टा दिव्यांकडे. भरताना प्रवाह रोधातून जातो, रिकामा होताना डायोडमधून. १४ व्होल्टला एका डब्याचे ६४ मिलिअँपिअर, ११ मिळून ०.७ अँपिअर. १०० ओहमनेही चालतं, पण सुरुवातीलाच दीड अँपिअर जातात. कपॅसिटर २५ व्होल्टचाच घ्या.

दिव्यांचा प्रवाह कमी करा. डब्याला ५ मिलिअँपिअर पुष्कळ झाले. तेवढ्यावर ४७० मायक्रोफॅरड जवळजवळ एक तृतीयांश सेकंद तग धरतो, घाणेरड्या रुळासाठी पुरे. रंग उबदार पांढरा. निळसर पांढऱ्याने स्टेनलेस डबा दवाखान्यासारखा दिसतो. डोममध्ये दिव्यांची पट्टी घालू नका: काचेतून ती उघडी दिसते आणि रात्री डोम अंधारा असलेलाच शोभतो. कपॅसिटर प्रसाधनगृहाच्या खोलीत आडवा लपतो.

रुपेरी_गाडी

आस उलटा बसलेला एक डबा लगेच सापडला, आभार. तीन गोष्टी राहिल्या. चकचकीत मुलामा दिलेल्या डब्यांना हँडरेल चिकटत नाहीत, आणि काचा धुरकट होताहेत. नावांच्या पाट्यांचं काय करावं?

पन्हळी_पत्रा

गोंद मुलाम्याला धरतो, प्लॅस्टिकला नाही, आणि मुलाम्यासकट निघून येतो. चिकटवायच्या जागी टोकदार पात्याने मुलामा खरवडून प्लॅस्टिक उघडं करा. भोक पाडून तार आतून चिकटवली तर सर्वांत टिकाऊ. धुरकटपणा सायनोअॅक्रिलेटच्या (सुपरग्लूच्या) वाफेचा आहे; काचांना पांढरा पीव्हीए गोंद किंवा कॅनोपी ग्लू वापरा.

पाट्या ही या गाडीची खूण आहे. खिडक्यांवरच्या पट्टीत मधोमध मालक कंपनीचं नाही, गाडीचं नाव असे. ही गाडी मिळून चालवणाऱ्या बर्लिंग्टन, रिओ ग्रांदे किंवा वेस्टर्न पॅसिफिकची आद्याक्षरं बारीक, डब्याच्या टोकांना. डब्यांची नावं सगळी 'सिल्व्हर'ने सुरू होणारी. ६ संचांतले डोम-ऑब्झर्व्हेशन असे: होरायझन, पेंटहाउस, सोलॅरियम बर्लिंग्टनचे, स्काय रिओ ग्रांदेचा, क्रेसेंट आणि प्लॅनेट वेस्टर्न पॅसिफिकचे. एकाच गाडीत तिन्ही कंपन्यांचे डबे मिसळणं बरोबरच आहे, उलट सगळे एकाच कंपनीचे दिसले तर खटकतं. इंजिन मात्र मिसळू नका. ती डेन्व्हरला आणि सॉल्ट लेक सिटीला बदलत. फेदर नदीची दरी दाखवायची असेल तर वेस्टर्न पॅसिफिकची रुपेरी-नारिंगी एफ३ इंजिनं, शिकागो बाजूला बर्लिंग्टनची ई मालिकेतली. चढासाठी दोन इंजिनं लावलीत तर एकाच कंपनीची जोडी घ्या.

डेकल (चिकटवायची छापील अक्षरं) लावण्याआधी पाटीची पट्टी तेवढी ग्लॉसने (चकचकीत वार्निशने) झाका. पन्हळींवर ग्लॉस नको, धातूची धार जाते. मूळ गाडी बनवणाऱ्या बड कंपनीच्या डब्यांचं सौंदर्य त्या पन्हळींतच आहे.