तुम्ही बातम्या-ब्लॉग वाचायला कुठला फीड रीडर वापरता? अनुभव सांगा

धागाकर्ती: फीड म्हणजे साइटवर नवं काय आलं ते कळवणारी यादी, आणि आपण निवडलेल्या फीड एका जागी वाचायला देतो तो फीड रीडर. गूगलचा असा रीडर, गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा मी सगळी यादी उचलून फीडली नावाच्या दुसऱ्या रीडरवर गेले आणि तेव्हापासून तिथेच आहे. फुकटात १०० सोर्स मिळतात, माझे तेवढे होतही नाहीत. पण आता जरा बदल हवाय. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे चालायला हवं, इथे वाचलेलं तिथे परत न वाचलेलं दिसायला नको. तुम्ही काय वापरता, काय सोडलंत, का सोडलंत ते लिहा. "गूगल न्यूज बघ की" असं प्लीज कोणी सांगू नका, काय वाचायचं ते माझं मी ठरवणारे.

निवृत्त बँकवाला: मी थंडरबर्ड. मेलसाठी उघडलेलं असतंच, त्यातच फीडचं खातं काढता येतं. रिझर्व्ह बँकेच्या प्रेस रिलीजची वेगळी फीड आहे, नोटिफिकेशनची वेगळी, दोन्ही लावल्यात. नोकरी संपली तरी खोड जात नाही हो, सर्क्युलर आलं की वाचल्याशिवाय चैन पडत नाही. मेलसारखंच शोधता येतं, जपून ठेवता येतं. पण वाचलेल्याची नोंद त्याच कॉम्प्युटरवर राहते, फोनवर काही जात नाही, म्हणजे ताई तुमच्या कामाचं नाही.

टर्मिनलवाला: फ्रेशआरएसएस, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर टाकायचा रीडर, घरच्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्याशा कॉम्प्युटरवर. एका फाइलीत मावणाऱ्या एसक्यूलाइट डेटाबेसवर चालतं त्यामुळे डेटाबेस सर्व्हरचा वेगळा संसार मांडावा लागत नाही. (तसाच दुसरा रीडर मिनीफ्लक्स, ते दिसायला जास्त आवडतं मला, पण त्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर लागतो, एवढ्याशा कामाला कशाला.) गंमत म्हणजे गूगल रीडर गेला पण त्याची एपीआय, म्हणजे अ‍ॅपने सर्व्हरशी बोलायची पद्धत, अजून जिवंत आहे, फ्रेशआरएसएसला ती कळते, त्यामुळे आयफोनवर नेटन्यूजवायर हे रीडर अ‍ॅप टाकायचं, आपल्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा, झालं सिंक. नेटन्यूजवायर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत. मात्र घराबाहेरून उघडायचं तर डोमेन, सर्टिफिकेट, अपडेट सगळं आपल्याच गळ्यात, आणि लाइट गेली की बातम्याही गेल्या. ज्याला या खटाटोपात मजा येते त्यानेच या वाटेला जावं, बायको विचारते तेव्हा मीही तिला फीडलीच सांगतो.

विरार फास्ट: अँड्रॉइडवर फीडर नावाचंच अ‍ॅप आहे, खातं नाही पासवर्ड नाही, सगळं फोनमध्येच. बऱ्याच साइट फीडमध्ये दोन ओळी देतात आणि पुढे "अधिक वाचा", तिथे हे अ‍ॅप पूर्ण लेख आधीच ओढून ठेवतं, तेवढी सेटिंग चालू करायची. घरच्या वायफायवर सकाळी भरून घेते, मग गाडीत रेंज असो नसो. बसायला मिळालं तर!!

तिरकस: टूल कुठलंही घ्या हो, आधी पेपरांच्या फीड काढून टाका. त्या धो धो येतात, क्रिकेट, राशिभविष्य, सगळं एकाच नळातून, आणि आकडा हजारावर गेला की माणूस अ‍ॅप उघडायचंच बंद करतो. माझ्या मते फीड रीडर असतो तो दोन महिन्यांतून एकदा लिहिणाऱ्या माणसांसाठी, त्यांच्याकडे रोज चक्कर कोण मारणार. बातम्यांना पेपर आहेच. आणि पेपरच्या फीड ठेवायच्याच असतील तर न्यूजब्लर बघा, त्यात लेखक, विषय, शीर्षकातले शब्द यांना आवडलं-नावडलं असं शिकवता येतं, नावडलेलं लपतं. फुकटात ६४ साइट.

धागाकर्ती: पेपरांबद्दल एकदम पटलं, आजच उडवते. यूट्यूब चॅनेल घालता येतात का कशात?

टर्मिनलवाला: येतात की, प्रत्येक चॅनेलला फीड असते, बऱ्याच रीडरमध्ये चॅनेलचा पत्ता टाकला की ते आपणच शोधतात. वर्डप्रेसच्या ब्लॉगला पत्त्यापुढे स्लॅश फीड लावून बघा. तुम्हाला सर्व्हर नको असेल तर इनोरीडर घ्या, वेब आणि फोन दोन्ही, फुकटात १५० फीड. फीडलीतून ओपीएमएल फाइल (म्हणजे आपल्या फीडची यादी) काढा, तिकडे इम्पोर्ट करा, फोल्डरसकट यादी जाते. जुनं खातं महिनाभर तरी डिलीट करू नका, नंतरसाठी सेव्ह केलेले लेख त्या फाइलमध्ये येत नाहीत.