अनुभव धागा : कार्ड न काढता कर्नल चढवताना

मंडळी, नव्या बोर्डावर (एका पाटीवरच्या छोट्या संगणकावर) लिनक्स वा बीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम उभी करणारे सातारा-सांगलीकडे आपण मोजकेच. नेटवर्क बूटपायी, म्हणजे बोर्ड कार्डाऐवजी नेटवर्कवरून चालू करण्यापायी, रात्री मात्र सगळ्यांनीच जागवल्यात. कुठे अडलात, कसे सुटलात ते लिहा. सुरुवात मी करते.

गोडोली, सातारा
कर्नलमधली, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातली, एक ओळ बदलली की मेमरी कार्ड काढा, लॅपटॉपमध्ये घाला, इमेज कॉपी करा, परत बोर्डात बसवा. महिन्याभरात स्लॉटची स्प्रिंगच गेली. मग यू-बूटला (बोर्ड चालू होताच कर्नल आणून सुरू करणारा बूटलोडर) लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला: टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने कर्नल थेट रॅममध्ये, आणि रूट फाइल सिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या बाकीच्या फाइली, एनएफएसवर (लॅपटॉपवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरण्याची सोय). कर्नल उतरला, चालू झाला आणि रूट सापडत नाही म्हणून पॅनिक, म्हणजे तिथेच ठप्प! तीन रात्री मी एनएफएसच्या परवानग्याच तपासत बसले. इथरनेटचा (केबलच्या नेटवर्कचा) ड्रायव्हर मी मॉड्यूल म्हणून, म्हणजे नंतर लोड होणारी वेगळी फाइल म्हणून, बांधला होता, आणि ते मॉड्यूल त्याच रूटवर होतं जिथे पोचायला इथरनेट हवं. किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावं, तसं झालं. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधला, रूट एनएफएसवर घेण्याचा आणि बूट होतानाच आयपी मिळवण्याचा पर्याय चालू केला, तेव्हा सिरियल कन्सोलवर लॉगिन दिसलं. त्या दिवसापासून कार्डाला हात लावलेला नाही.

कुपवाड एमआयडीसी
मशीनच्या कंट्रोलरचं जुनं सॉफ्टवेअर नव्या बोर्डावर आणत होतो. बोर्ड लॅपटॉपला सरळ केबलने जोडला की बूट व्हायचा. शॉपच्या स्विचमधून डीएचसीपीला (आयपी मागणाऱ्या विनंतीला) उत्तरच नाही. केबल बदलल्या, बोर्डही बदलला. शेवटी लॅपटॉपवर टीसीपीडंप (वायरवरची पॅकेट दाखवणारं साधन) लावलं, तर बोर्डाची विनंती तिथवर येतच नव्हती. स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ न देणारी सोय) चालू होतं. लिंक आल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मगच पॅकेट पुढे सोडतो. तोवर आमचा बूटलोडर नाद सोडून द्यायचा, आणि रीसेट केलं की लिंक पडून पुन्हा तेच ३० सेकंद. तो पोर्ट एज पोर्ट, म्हणजे न थांबता लगेच पॅकेट सोडणारा, केला, पहिल्याच दमात आयपी मिळाला. आधी वायरवर काय चाललंय ते बघा, मग कोड उघडा, असं मी आमच्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

विश्रामबाग, सांगली
माझा अनुभव छोटा आहे. इमेज ३२ एमबीच्या पुढे गेली आणि डाउनलोड दरवेळी त्याच जागी तुटू लागला. टीएफटीपीचा ब्लॉक ५१२ बाइटचा, त्याचा क्रमांक १६ बिटांचा; ६५,५३५ नंतर आकडाच उरत नाही. काही सर्व्हर पुन्हा शून्यापासून मोजतात, पण आमच्या बोर्डाच्या रॉममधल्या बूट कोडला ते पटत नव्हतं. ब्लॉक १,४६८ बाइटचा केला, काम झालं.

कराड
माझा बोर्ड एमआयपीएस प्रोसेसरचा, बिग-एंडियन, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणारा. बूटलोडरने कर्नल व्यवस्थित आणला, पण कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर एनएफएसपाशी गप्प. कुपवाडच्या दादांसारखंच टीसीपीडंप लावलं: विनंती येत होती, उत्तर जात होतं, बोर्ड मात्र ते घेत नव्हता. ड्रायव्हर पीसीवरून उचललेला होता, म्हणून मिळालेल्या पॅकेटची लांबी छापून पाहिली. ६४ बाइटचं पॅकेट १६,३८४ बाइटचं दिसत होतं! नेटवर्कची चिप लांबीचे दोन बाइट लिटल-एंडियन क्रमाने (लहान बाइट आधी) लिहिते, मी ते उलटे वाचत होतो, आणि ड्रायव्हर इतकं मोठं पॅकेट चुकीचं समजून टाकून देत होता. एका ओळीची दुरुस्ती. लॉगिन आलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. आईला उठवून ती ओळ दाखवली.